सेवापटात नसलेलं

मोठ्या पोलीस अधिकाऱ्याला निरोप देण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. गाडी झेंडूच्या माळांनी सजवायची, पुढे दोर बांधायचे, साहेबांना सपत्नीक आत बसवायचं आणि हाताखालच्या अधिकारी-अंमलदारांनी ती गाडी मुख्यालयाच्या फाटकापर्यंत ओढत न्यायची. बँड वाजत असतो, फुलं उधळली जात असतात, साहेबांचे डोळे खरोखरच भरून आलेले असतात. मला मात्र अशा वेळी गाडीत कोण बसलंय यापेक्षा दोराला कोण लागलंय ते बघायची खोड आहे. त्यातला एखादा रात्रपाळी करून तसाच आलेला असतो, एखाद्याची साप्ताहिक सुटी या कार्यक्रमात गेलेली असते. पोलीस लाइनीत वाढलेल्या माणसाची नजर तिकडेच जाते, त्याला इलाज नाही.

त्याआधी भाषणं झालेली असतात. साहेब ‘शिस्तप्रिय पण मनमिळाऊ’ असतात. किती गुन्हे उघडकीस आणले, किती मुद्देमाल हस्तगत केला, किती टोळ्या तडीपार केल्या, कुठलं पदक मिळालं, सगळं कागदावरून वाचून दाखवलं जातं. शेवटी ‘कायदा व सुव्यवस्था अबाधित राखली’ हे एक वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. ती कशी राखली, कोणाच्या ओट्यावर बसून, कितीदा चहा पिऊन, हे कोणी सांगत नाही. सांगणार कसं? जे घडलं त्याचा पंचनामा होतो. घडता घडता राहिलेल्या गोष्टीची ठाण्यात नोंद होत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्ती अर्थातच ३१ मेला. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या खेडवळ महाराष्ट्राची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी १ जून अशी ठोकून दिलेली आहे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला मुख्यालयाच्या मांडवात एकगठ्ठा निरोप असतो. उन्हाच्या काहिलीत खुर्च्यांच्या रांगा, नव्या साड्या नेसून आलेल्या बायका, एकेकाचं नाव पुकारलं जातं. शाल, श्रीफळ, एक प्रमाणपत्र, पोलीस अधीक्षकांबरोबर एक फोटो. अण्णांचा तो फोटो आमच्याकडे आहे. त्यात ते अटेन्शनमध्येच उभे आहेत.

नाव पुकारताना त्यांच्या सेवापटातली बक्षिसं वाचली होती. ज्यांच्या घरात पोलीस नाही त्यांना हे सांगायला हवं. प्रत्येक पोलिसाचा एक सेवापट असतो आणि त्यात बक्षिसं आणि शिक्षा यांच्या नोंदी होतात. चोर पकडला, पन्नास रुपये बक्षीस. बंदोबस्त चांगला केला, शंभर रुपये. पॉइंटवर हजर सापडला नाही, कसुरी. बक्षिसाची रक्कम तशी किरकोळ. पण नोंद महत्त्वाची, कारण तिच्यावर बढती हलते. अण्णांची बक्षिसं बरीच होती आणि शिक्षा एकच, एक वेतनवाढ रोखल्याची. तिचं कारण त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यांनी केलेलं जे काम माझ्या डोळ्यांसमोर आहे ते यातल्या कुठल्याच रकान्यात नाही. १९८६ साली मोहरम आणि गणपती एकाच पंधरवड्यात आले होते. आमच्या तालुक्याच्या गावात दोन्हींचा मार्ग काही अंतर एकाच बोळातून जायचा. मी डबा घेऊन चौकीवर गेलो तर अण्णा तिथे नव्हते. बोळात सापडले. स्टुलावर उभे, हातात वेळूची लांब काठी, काठीला दोन ठिकाणी सुतळी बांधलेली. खाली बोर्डाचा वायरमन, ताबूत करणारा एक म्हातारा आणि गणेश मंडळाची दोन पोरं. एक सुतळी ताबुताच्या उंचीची आणि दुसरी मंडळाच्या महिरपीची. आणि बोळ ओलांडून जाणारी विजेची तार दोन्हींच्या खाली येत होती. अण्णांचं म्हणणं इतकंच, की तार आज वर घ्या. मिरवणुकीच्या दिवशी ताबुताचा कळस तारेला अडकला तर गर्दी थांबणार, कोणीतरी म्हणणार मुद्दाम केलं, पुढचं सांगायला नको. वायरमन कुरकुरत होता, वरिष्ठांचा लेखी आदेश मागत होता. म्हाताऱ्याने त्याला पान दिलं, पोरांनी शिडी धरली आणि संध्याकाळपर्यंत तार वर गेली. दोन्ही मिरवणुका बिनघोर पार पडल्या. मी तेव्हा वैतागलो होतो, कारण डबा गार झाला होता आणि घरी बोलणी मला बसणार होती.

अण्णांना कोणी असं करायला शिकवलं नव्हतं. तो त्यांचा स्वभाव होता, आणि त्यातच गोम होती. स्वभाव निवृत्त होतो. त्यांच्या जागी जो हवालदार आला त्याला बोळ माहीत नव्हता, म्हातारा माहीत नव्हता आणि तार कशी वर गेली हे तर मुळीच माहीत नव्हतं. म्हणून एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या दीर्घ सेवेचा गौरव करायची वेळ आली की मी एकच प्रश्न विचारतो: हा माणूस बदलून गेल्यावर तिथे काय चालू राहिलं? या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्वांत भक्कम उत्तर भिवंडीचं आहे आणि ते सुरेश खोपडे यांच्या नावावर आहे.

भिवंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. यंत्रमागांचं गाव. गल्लीत शिरलं की मागांची खटखट पायातून वर चढते. कोकणी मुसलमान इथले जुने. मोमीन विणकर उत्तरेतून आलेले. तेलुगू पद्मशाली आलेले. पुढे उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे आणि कापडाचा व्यापारी चौथा. म्हणजे पोट एकमेकांत गुंतलेलं. तरीही ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हे गाव पेटलं. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली आणि भिवंडीच्या पोलीस तपासात पक्षपात झाल्याचं स्पष्ट शब्दांत लिहिलं. पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पेटली. ती आग ठाण्यात आणि मुंबईत पसरली. त्यानंतर पोलीस दलात भिवंडीची बदली म्हणजे शिक्षेची बदली झाली असल्यास नवल नाही.

खोपडे १९८८ साली तिथे उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी आधीच्या दंगलींचा बारकाईने अभ्यास केला. नंतर त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचं. दंगल झाली की शांतता कमिटी बोलावण्याची जुनी चाल होती, आजही आहे. या कमिटीत कोण असतं हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कोणालाही विचारा. दोन पुढारी, दोन वकील, एक डॉक्टर, मशिदीचे विश्वस्त, मंडळाचे अध्यक्ष. सगळे साहेबांना ओळखतात आणि साहेब सगळ्यांना. बिस्किटं खाल्ली जातात, ‘आपल्या गावात भाईचारा आहे’ असं प्रत्येक जण म्हणतो आणि घरी जातो. ज्या गल्लीत दगड उचलला जाणार असतो तिथलं त्या खोलीत कोणी नसतं.

खोपड्यांनी ही चाल उलटी केली. शहराचे मोहल्ल्यांप्रमाणे भाग पाडले, सत्तरच्या आसपास. प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी कमिटी, तिच्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि माणसं तिथेच राहणारी, तिथेच कमावणारी. मुख्य म्हणजे कमिटीच्या कामाला खालच्या पायरीचा पोलीस जोडला. दंगलीची वाट न बघता वर्षभर बैठका. आणि तिथे बोलायचं ते एकात्मतेवर नाही. नळावरची भांडणं, तुंबलेलं गटार, पोरापोरांची मारामारी, भाडेकरू आणि घरमालक, नवरा-बायको. ठाण्यात ज्याला एन.सी., म्हणजे अदखलपात्र, म्हणतात ते सगळं. एरवी अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला अंमलदार ‘कोर्टात जा’ म्हणून वाटेला लावतो. इथे तीच तक्रार चार शेजारी आणि एक शिपाई बसून मिटवू लागले. नळावर मिटलेलं भांडण सणाच्या दिवशी धर्माचा झेंडा घेऊन परत येत नाही, हा त्यामागचा हिशेब.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शिपाई. आपल्याकडे शिपायाला चौकात उभं राहायला लावतात, साहेबांच्या बंगल्यावर भाजी आणायला लावतात, बारा-बारा तास बंदोबस्ताला ठेवतात आणि वर त्याने जनतेशी सौजन्याने वागावं अशी परिपत्रकं काढतात. ज्याला घरात, ठाण्यात, रस्त्यात कोणी मान देत नाही तो दुसऱ्याला कुठून देणार? भिवंडीत त्याच शिपायाला मोहल्ल्यात खुर्ची मिळाली. लोक त्याचं नाव घेऊन बोलू लागले. पोलीस सुधारणांवरची जाडजूड कागदपत्रं बाजूला ठेवली तरी एवढी एक गोष्ट कळायला हरकत नाही. अण्णांना अशी खुर्ची मिळाली असती तर, असं मनात येतं. पण ते जाऊ दे.

१९९२ मध्ये खोपड्यांची बदली झाली. डिसेंबर यायचा होता.

६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. तिथून ठाण्यापलीकडे भिवंडी, दोनदा होरपळलेली, जिच्याबद्दल सगळ्यांनी आधीच हात टेकले होते. ती शांत राहिली. खोपड्यांच्या जागी तेव्हा गुलाबराव पोळ होते. त्यांनी आधीच्या अधिकाऱ्याचं काम मोडीत न काढता चालवलं, कमिट्यांना कामाला लावलं. मला यात खोपड्यांइतकंच पोळांचं कौतुक वाटतं. सरकारी खात्यात आधीच्या साहेबाची योजना चालू ठेवणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे हे ज्याने एकदा तरी सरकारी नोकरी केली आहे त्याला कळेल. नवे साहेब येतात ते नवा रंग घेऊनच. भिंतींपासून सुरुवात होते.

म्हणून भिवंडीच्या यशाची खरी परीक्षा खोपडे तिथे नसताना झाली, आणि एका अधिकाऱ्याचा याहून मोठा गौरव मला सुचत नाही. पुढे ते महानिरीक्षक पदावरून निवृत्त झाले. २०१४ साली बारामतीतून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले आणि हरले. दंगल न झालेल्या गावाच्या जोरावर निवडणूक जिंकता येत नाही, यात काही धक्कादायक नाही.

असाच गौरव करावा असं दुसरं नाव ज्युलिओ रिबेरो यांचं. मूळचं गोव्याचं घराणं, जन्म मुंबईचा, १९५३ मध्ये पोलीस सेवेत आले. १९८२ मध्ये मुंबईचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी पोलिसांचं बंड त्यांनी पाहिलं. १९८४ ची दंगल मुंबईत आली तेव्हा आयुक्त तेच होते. मग गुजरात, मग पंजाब. दहशतवादाच्या ऐन भरातलं पंजाब. १९८६ मध्ये जालंधरला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १९९१ मध्ये रुमानियात राजदूत असताना बुखारेस्टच्या रस्त्यात पुन्हा. १९८७ चं पद्मभूषण. इथवरची कारकीर्द निरोपाच्या भाषणात सहज बसते, टाळ्याही भरपूर पडतात. त्यांच्या आत्मचरित्राचं नावसुद्धा ‘बुलेट फॉर बुलेट’ आहे.

मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त वाचनीय वाटतं. मुंबईच्या दंगलीनंतर तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि इतरांबरोबर रिबेरो मोहल्ला कमिट्यांच्या कामात उतरले. पासष्टीच्या घरातला, राजदूत होऊन आलेला माणूस. त्याने क्लबात बसून आठवणी सांगायच्या. त्याऐवजी ते झोपडपट्ट्यांतल्या बैठकांना जाऊन बसू लागले, गटारांच्या आणि नळांच्या तक्रारी ऐकू लागले. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने या चळवळीने भरवले. नव्वदी ओलांडल्यावरही ते वर्तमानपत्रांत पोलीस दलावर सडेतोड लिहीत राहिले. निवृत्तीनंतर कुठल्या महामंडळावर वर्णी लागते याकडे डोळे लावून बसणाऱ्यांची रांग आपल्याकडे लांब आहे. त्या रांगेत हा गृहस्थ दिसला नाही.

आता भिवंडीकडे परत जायला हवं, कारण गोष्ट १९९३ ला संपत नाही आणि कौतुकाचे लेख बहुधा तिथेच संपवतात. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा रक्त सांडलं. वाद कशावरून? नव्या पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून. जागा कब्रस्तानाला लागून, लोकांचा विरोध, जमाव, गोळीबार. गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्या रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. ज्या शहरात शिपायाला मोहल्ल्याने खुर्ची दिली होती त्याच शहरात. ती दोन नावं हुतात्म्यांच्या यादीत आहेत. २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, अशी नावं वाचली जातात तेव्हा सगळे उभे असतात.

यावरून कोणी म्हणेल, बघा, तुमची मोहल्ला कमिटी फसली. मी उलटं म्हणतो. गटार साफ केलं की वर्षभर साफ राहतं असं कोणी मानत नाही. मग माणसांमधल्या विश्वासाबद्दल आपण असं का मानतो? सत्तर बैठकांना दर वेळी कोणाला तरी जावं लागतं, पावसात, बंदोबस्तानंतर, घरी बायको चिडलेली असताना. कागदावर कमिटी राहिली आणि जाणारा माणूस उरला नाही की ती संपते; फलक मात्र भिंतीवर राहतो. दंगलीनंतरच्या वर्षांत मोहल्ला कमिट्या राज्यभर ठिकठिकाणी स्थापन झाल्या. मी पाहिलेल्या बऱ्याचशा पुन्हा जुन्या शांतता कमिटीच्या वळणावर गेलेल्या होत्या, सणाच्या तोंडावर भरणाऱ्या, बिस्किटांच्या. याचा दोष एकट्या पोलिसांवर टाकता येणार नाही. बैठकीला बोलावल्यावर ‘मला कामं आहेत’ म्हणणारे आपणही त्यात आहोत.

आणि खात्यालाही बोल लावायला हवा. बढतीची, पदकाची, चांगल्या पोस्टिंगची गणितं उघड झालेल्या गुन्ह्यांवर बसवलेली आहेत. ज्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हे कमी घडले तिथला अधिकारी कामचुकार समजला जाण्याचीच शक्यता जास्त. दोन-तीन वर्षांत बदली. एवढ्यात माणसाला हद्दीतल्या गल्ल्यांची नावं पाठ होतात, माणसं कुठून होणार? सेवापटात एक तिसरा रकाना उघडावा आणि त्यात, ज्या वस्तीत हा काम करून गेला तिथल्या चार साध्या माणसांनी दोन ओळी लिहाव्यात, असं मला फार वाटतं. नियमात बसणार नाही, हेही माहीत आहे. पण वेतनवाढ रोखण्याला जर कागद पुरतो, तर याला का पुरू नये?

कोणी विचारेल, मग निरोपाचे समारंभ करूच नयेत का? जरूर करावेत. चार दशकं गणपती, दिवाळी, ईद, निवडणुका रस्त्यावर काढलेल्या माणसाच्या खांद्यावर एक शाल पडली तर त्यात गैर काय? त्याच्या बायकोचा सत्कार तर आधी करावा; घर तिनेच चालवलेलं असतं. दोराने गाडी ओढण्याचा प्रकार मात्र बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. साहेबांनी चालत जावं, त्या दोराला लागणाऱ्यांच्या बरोबरीने.

तुमच्या गावातल्या ठाण्याचा प्रमुख निवृत्त होत असेल आणि तुम्हाला बोलायला उभं केलं, तर पदकं मोजू नका. ती सूत्रसंचालकाने आधीच मोजलेली असतात. त्याने तुमच्या मोहल्ल्यात काय होऊ दिलं नाही, ते कोणाच्या मदतीने आणि कुठे बसून, हे नावं घेऊन सांगा. त्याच्या जागी येणारा अधिकारी बहुधा पहिल्या रांगेत बसलेला असतो. कार्यक्रम संपला की त्याला गाठा आणि मोहल्ला कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा. तारीख सांगितली, तर जा.